एसएटीच्या लेखनविभागासाठी सराव पुस्तके निवडताना

अमेरिकेतल्या महाविद्यालयांच्या प्रवेशासाठी द्यायच्या एसएटी परीक्षेतील इंग्रजी लेखनाच्या तयारीसाठी पुस्तके निवडण्याचे काम 2024च्या उन्हाळ्यात माझ्याकडे आले. मुलगी सप्टेंबरमध्ये अकरावीत, इथल्या भाषेत ज्युनिअर वर्षात, जाणार होती आणि गणिताची बाजू तिच्या बाबांनी आधीच स्वतःकडे घेतली होती. आम्ही न्यू जर्सीत राहतो. माझे स्वतःचे शिक्षण सातारा जिल्ह्यात मराठी माध्यमातून झाले आणि इंग्रजी मी पाचवीपासून, व्याकरणाचे नियम आणि वाक्यपृथक्करण घोकत शिकले. मुलगी इंग्रजीतच वाढली, पण वाक्यातले गौण वाक्य कोणते हे तिला शाळेत कधी फारसे विचारले गेले नव्हते. पुस्तक निवडताना आमच्या दोघींतला हा फरक पावलोपावली उपयोगी पडला, म्हणून आधीच नोंदवून ठेवते.

परीक्षा द्यायचीच का, हा प्रश्न आमच्या ओळखीच्या बऱ्याच घरांत त्या वर्षी चर्चेत होता. करोनाच्या साथीत परीक्षा केंद्रे बंद पडली तेव्हा बहुतेक महाविद्यालयांनी एसएटी किंवा एसीटी या तशाच दुसऱ्या प्रवेश परीक्षेची अट शिथिल केली आणि अनेकांनी ती पुढेही ऐच्छिकच ठेवली. एमआयटीने 2022 मध्ये अट परत आणली. डार्टमथ, ब्राउन, हार्वर्ड आणि कॅलटेक यांनी 2024 मध्ये तोच निर्णय जाहीर केला. येलनेही त्याच वर्षी गुण पुन्हा मागितले, मात्र त्यांच्या जागी एपी किंवा आयबी या शालेय अभ्यासक्रमांच्या परीक्षांचे गुणही चालतील असे सांगितले. कॅलिफोर्निया विद्यापीठ प्रवेशासाठी हे गुण पाहतच नाही. मुलीच्या यादीत दोन्ही प्रकारची महाविद्यालये होती, त्यामुळे परीक्षा देणे ठरले आणि पुस्तकांचा शोध सुरू झाला.

सर्वांत आधी हाती आली ती जुनी पुस्तके. रविवारच्या मराठी शाळेत मुलांना सोडायला येणारी कुटुंबे एकमेकांना बरेच काही देत-घेत असतात, आणि मोठ्या मुलांची परीक्षा आटोपली की त्यांची जाडजूड सराव पुस्तके धाकट्यांच्या आईवडिलांकडे येतात. आमच्याकडे असा एक खोकाभर ऐवज आला. देणाऱ्यांची भावना चांगली होती आणि पुस्तकेही नीट जपलेली होती, परंतु या परीक्षेचे स्वरूप गेल्या वीस वर्षांत इतक्यांदा बदलले आहे की, पुस्तक कोणत्या सालचे आहे हे पाहिल्याशिवाय ते उघडण्यात अर्थ नाही. 2005 मध्ये लेखन हा स्वतंत्र विभाग म्हणून आला आणि एकूण गुण 1600 वरून 2400 झाले. त्यात 25 मिनिटांचा निबंध होता आणि त्याबरोबर 49 बहुपर्यायी प्रश्न: काही वाक्य सुधारण्याचे, काही वाक्यातली चूक ओळखण्याचे, थोडे परिच्छेद सुधारण्याचे. मार्च 2016 मध्ये गुण पुन्हा 1600 झाले, सुटी वाक्ये गेली, चार उतारे आणि त्यांवर 35 मिनिटांत 44 प्रश्न आले, आणि निबंध ऐच्छिक होऊन 50 मिनिटांचा झाला. काही राज्यांत शाळांमार्फत होणारी परीक्षा सोडली, तर 2021 नंतर निबंधही बंद झाला. मार्च 2024 पासून अमेरिकेत परीक्षा संगणकावर होते आणि वाचन-लेखन मिळून एकच विभाग आहे.

मुखपृष्ठामागचे प्रकाशनवर्षाचे पान पाहून मी खोक्यातल्या पुस्तकांचे दोन गट केले. 2016 पूर्वीच्या पुस्तकांत निबंधाचे नमुने, परीक्षकांनी दिलेले एक ते सहा गुण आणि कोणत्या शब्दामागे कोणते शब्दयोगी अव्यय यावे याच्या लांबलचक याद्या होत्या. त्या याद्या पाठ करणे आता व्यर्थ आहे. 2016 ते 2023 या काळातली पुस्तके अधिक जवळची होती. त्यांतील विरामचिन्हांची आणि कर्ता-क्रियापदाच्या मेळाची प्रकरणे आजही तशीच लागू पडतात, कारण परीक्षेचा साचा बदलला तरी इंग्रजी व्याकरण बदललेले नाही. मात्र लांब उताऱ्यावर अकरा प्रश्न सोडवण्याची सवय लावून घेण्यात आता हशील नाही. नव्या परीक्षेत प्रत्येक प्रश्नाला स्वतंत्र छोटा मजकूर असतो, 25 ते 150 शब्दांचा, आणि त्यावर एकच प्रश्न असतो. या गटातले एक व्याकरणाचे पुस्तक मी ठेवून घेतले.

नवे पुस्तक घेण्याआधी मुलीला नेमके काय येत नाही हे कळणे आवश्यक होते. परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाचे ब्लूबुक नावाचे ॲप आहे, प्रत्यक्ष परीक्षा त्यातच होते आणि त्यात पूर्ण लांबीच्या सराव परीक्षा विनामूल्य मिळतात. मुलीने एका शनिवारी सकाळी त्यातली एक परीक्षा घड्याळ लावून दिली. वाचन-लेखन विभागाचे दोन भाग असतात, प्रत्येकात 32 मिनिटे आणि 27 प्रश्न, आणि पहिल्या भागातल्या कामगिरीवर दुसऱ्या भागाची काठिण्यपातळी ठरते. मंडळाच्या आराखड्यानुसार या विभागातले सुमारे 26 टक्के प्रश्न व्याकरण व विरामचिन्हांवर आणि सुमारे 20 टक्के विचारांच्या मांडणीवर असतात. म्हणजे ‘लेखन’ हे नाव वेगळे उरले नसले तरी जवळजवळ निम्मे प्रश्न लेखनाचेच आहेत. शिवाय ते प्रत्येक भागाच्या उत्तरार्धात येतात. शब्दार्थाच्या आणि उताऱ्यांच्या प्रश्नांत वेळ गेला की घाई होते ती नेमकी यांच्यावर.

निकालातले एकूण गुण आम्ही बाजूला ठेवले आणि चुकलेला प्रत्येक प्रश्न एका वहीत उतरवला. एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला तिने निवडलेले उत्तर आणि ते का निवडले याचे कारण. कारणांच्या रकान्यात जवळजवळ सगळीकडे एकच उत्तर होते: ‘वाचताना बरोबर वाटले.’ बरोबर आलेल्या प्रश्नांविषयी विचारले तेव्हा ती म्हणाली, “आई, उत्तर बरोबर आलंय, पण का बरोबर आलंय ते मला सांगता येत नाही.” पुस्तकाने काय करायला हवे, हे मला या वाक्याने सांगितले. तिला प्रश्नांचा डोंगर नको होता. तिचा कान जिथे दगा देतो तिथे नियम हाती देणारे पुस्तक हवे होते.

कान कुठे दगा देतो हे वहीत स्पष्ट दिसत होते. ‘द लिस्ट ऑफ बुक्स डोनेटेड बाय द रेसिडेंट्स ऑफ द टू टाउन्स’ असा लांबलचक कर्ता आला की ती पुढे ‘आर’ निवडत असे, कारण रिकाम्या जागेला खेटून ‘टाउन्स’ हा अनेकवचनी शब्द बसलेला असतो. खरा कर्ता ‘लिस्ट’ तोवर बराच मागे पडलेला असतो. दुसरी जागा दोन पूर्ण वाक्यांमधल्या स्वल्पविरामाची. ‘पाऊस आला, आम्ही घरात गेलो’ असे मराठीत आपण सहज लिहितो आणि ते कोणाला खटकत नाही, पण या परीक्षेत दोन पूर्ण वाक्ये नुसत्या स्वल्पविरामाने जोडलेला पर्याय हमखास चुकीचा असतो. तिथे पूर्णविराम, अर्धविराम किंवा स्वल्पविरामासोबत उभयान्वयी अव्यय लागते.

ही वही घेऊन आम्ही दोघी बार्न्स अँड नोबलच्या दुकानात गेलो. परीक्षांच्या पुस्तकांची तिथे अख्खी मांडणी असते आणि प्रत्येक मुखपृष्ठावर प्रश्नसंख्येचे किंवा गुणवाढीचे आश्वासन ठळक अक्षरांत असते. त्या आकड्यांकडे मी लक्ष दिले नाही. मी एकच विषय ठरवला होता, आणि प्रत्येक पुस्तकात तोच विषय काढून मागची उत्तरांची स्पष्टीकरणे वाचायची असे आम्ही ठरवले. विषय होता वाक्याच्या मध्ये घातलेल्या जादा माहितीच्या दोन्ही बाजूंची विरामचिन्हे. उदाहरणार्थ, ‘माय अंकल — अ रिटायर्ड एंजिनिअर, लिव्ज इन ट्रेंटन’ हे वाक्य चुकीचे आहे, कारण जादा माहिती डॅशने उघडली आणि स्वल्पविरामाने बंद केली.

एका पुस्तकात अशाच प्रश्नाखाली स्पष्टीकरण होते: ‘पर्याय क योग्य आहे, कारण येथे डॅश हे योग्य विरामचिन्ह आहे.’ बाकीच्या तीन पर्यायांविषयी ‘व्याकरणदृष्ट्या अयोग्य’ एवढेच. हे वाचून मुलाला काहीही मिळत नाही. जे त्याला आधीच कळले नव्हते तेच पुन्हा सांगितले जाते. दुसऱ्या पुस्तकाने मात्र आधी जादा माहिती कुठून सुरू होते ते शोधायला सांगितले होते, मग ती कोणत्या चिन्हाने उघडली आहे ते पाहायला, मग तो तुकडा हाताने झाकून उरलेले वाक्य वाचायला. उरलेले वाक्य पूर्ण लागत असेल तर तुकडा खरोखरच जादा आहे आणि ज्या चिन्हाने उघडला त्याच चिन्हाने बंद व्हायला हवा. त्यानंतर चुकीचा प्रत्येक पर्याय घेऊन तो कोणत्या विद्यार्थ्याला आणि का मोहात पाडतो, हेही दोन-दोन ओळींत लिहिले होते. मुलीने ते तिथेच उभ्याने वाचले आणि वहीतला एक चुकलेला प्रश्न काढून त्यावर तीच रीत लावून पाहिली. उत्तर आले, आणि या वेळी तिला कारणही सांगता आले. हे पुस्तक इतरांपेक्षा बारीक होते, त्यात पूर्ण लांबीची एकही परीक्षा नव्हती, पण माझ्या दृष्टीने निवड तिथेच झाली.

तरीही आम्ही आणखी काही पुस्तके पाहिली, आणि काही आमच्या काउंटीच्या सार्वजनिक ग्रंथालयातून आणून घरी आठवडाभर वापरून पाहिली. ग्रंथालयातल्या प्रतींत आधीच्या वाचकांनी पेन्सिलने उत्तरे खुणा करून ठेवलेली असतात, म्हणून सराव म्हणून त्यांचा उपयोग नाही, पण पुस्तक विकत घ्यावे की नाही हे ठरवायला त्या पुरेशा आहेत. यांतल्या काही पुस्तकांचे दोष सांगितले पाहिजेत, कारण वरवर चाळताना ते दिसत नाहीत. काहींत एकाच प्रश्नाची दोन उत्तरे बरोबर ठरतील असे प्रश्न होते. खऱ्या परीक्षेत असे होत नाही, आणि जे मूल मन लावून विचार करते तेच अशा प्रश्नाने गोंधळते. काहींत ‘सर्वांत लहान पर्याय निवडा’ किंवा ‘बीइंग असलेला पर्याय सोडून द्या’ असे तोडगे दिले होते. असे तोडगे अनेकदा लागू पडतात, पण परीक्षा तयार करणाऱ्यांनाही ते ठाऊक असतात. आणखी एक प्रकार म्हणजे मुद्दाम अवघड केलेले प्रश्न. मुलगी एक संच सोडवून वैतागून म्हणाली, “हे लोक इंग्लिश तपासतच नाहीत, नुसतं फसवतात.” तिचे म्हणणे बरोबर होते. अधिकृत प्रश्नांतला अवघडपणा लांब वाक्यरचनेतून आणि चार पर्यायांतल्या बारीक फरकातून येतो. या संचात तो अपरिचित नियमांतून आणला होता, जे परीक्षेत विचारलेच जात नाहीत.

एका खासगी क्लासचीही चौकशी केली. त्यांचे स्वतःचे छापील साहित्य होते, मात्र फी भरल्याशिवाय त्यातले एक पानही दाखवायला ते तयार नव्हते. पाहिल्याशिवाय घ्यायचे नाही, असे ठरवले होते, त्यामुळे विषय तिथेच संपला.

अधिकृत प्रश्नांचा प्रश्न वेगळा आहे. ते सर्वांत चांगले असतात आणि सर्वांत कमी असतात. ब्लूबुकमधल्या पूर्ण परीक्षा मोजक्याच आहेत आणि एकदा पाहिलेली परीक्षा पुन्हा दिली तर तिचे गुण खरे नसतात, म्हणून त्या जपून वापरायच्या असतात. कॉलेज बोर्डाचे छापील अधिकृत मार्गदर्शक पुस्तकही मिळते. आमच्या ओळखीत ते पुष्कळांनी घेतले, परंतु कागदावरची परीक्षा पहिल्या भागावरून दुसऱ्या भागाची काठिण्यपातळी बदलू शकत नाही, हे लक्षात घेऊन आम्ही ते घेतले नाही. त्याऐवजी मंडळाच्या संकेतस्थळावरील प्रश्नपेढी वापरली. तिथे विषय, उपविषय आणि काठिण्य निवडून प्रश्न वेगळे काढता येतात, स्पष्टीकरणासह छापता येतात, आणि हे सारे विनामूल्य आहे. खान अकादमी या शैक्षणिक संकेतस्थळावरचा अधिकृत सरावही विनामूल्य आहे. इतके असताना पैसे देऊन पुस्तक का घ्यायचे, असे तिच्या बाबांनी विचारले. माझे उत्तर असे होते की, प्रश्नपेढी प्रश्न देते, नियमांची क्रमवार बांधणी देत नाही. ‘पूर्ण वाक्य म्हणजे काय’ यापासून सुरुवात करून अर्धविरामापर्यंत एक-एक पायरी चढवणारे पुस्तक हाताशी असले की प्रश्नपेढीतला प्रत्येक चुकलेला प्रश्न कोणत्या पायरीवरचा आहे ते कळते.

पडद्यावरच्या परीक्षेसाठी कागदावरचे पुस्तक, ही विसंगती अनेकांना वाटते. आमचा अनुभव असा की नियम शिकताना पेन्सिल हवी. कर्त्याखाली रेघ, क्रियापदाभोवती वर्तुळ, मधला तुकडा कंसात, हे हाताने करताना वाक्याचा सांगाडा दिसू लागतो. एकदा तो दिसायला लागला की मग पडद्याची सवय करावी. ब्लूबुकमध्ये पर्याय खोडून टाकण्याची, प्रश्नावर खूण करून ठेवण्याची आणि मजकूर ठळक करण्याची सोय आहे. ती सवय मात्र पुस्तकातून लागत नाही, त्यासाठी ॲपच उघडावे लागते.

मांडणीच्या प्रश्नांसाठी एकही पुस्तक मला पुरेसे वाटले नाही. त्यांतला पहिला प्रकार दोन वाक्यांमधला दुवा निवडण्याचा: ‘हाउएव्हर’, ‘देअरफोर’, ‘फॉर इन्स्टन्स’, ‘मोअरओव्हर’ अशांपैकी एक. आम्ही प्रश्नपेढीतले प्रश्न छापले आणि पर्याय कागदाच्या पट्टीने झाकले. मुलीने आधी दोन वाक्यांचे नाते स्वतःच्या शब्दांत सांगायचे, विरोध आहे की परिणाम, उदाहरण आहे की नुसती भर, आणि मगच पट्टी काढायची. घरी आम्ही मराठीत बोलतो, त्यामुळे ती पुष्कळदा ‘तरीही’, ‘म्हणून’, ‘शिवाय’ असेच म्हणून मोकळी होई, आणि नंतर पर्यायांत त्या अर्थाचा शब्द शोधी. पर्याय आधी वाचले की चारही शब्द कानाला चालतात. नाते आधी ठरवले की तीन आपोआप गळतात.

दुसरा प्रकार नोंदींवरच्या प्रश्नांचा. एका विद्यार्थ्याने काढलेल्या चार-पाच नोंदी दिलेल्या असतात आणि ‘दोन गोष्टींतले साम्य ठळक करायचे आहे’ किंवा ‘हा विषय ठाऊक नसलेल्या वाचकांना ओळख करून द्यायची आहे’ असे एखादे उद्दिष्ट सांगितलेले असते. मी पाहिलेल्या बहुतेक पुस्तकांत चुकीच्या पर्यायांत खोटी माहिती घातलेली होती, त्यामुळे मुले नोंदी आणि पर्याय ताडून पाहण्यात वेळ घालवायला शिकतात. अधिकृत प्रश्नांत चारही पर्याय सामान्यतः नोंदींशी जुळतात आणि व्याकरणानेही शुद्ध असतात; फरक असतो तो सांगितलेले उद्दिष्ट पुरे होते की नाही एवढाच. म्हणून आधी उद्दिष्टाचे वाक्य वाचायचे आणि त्याच कसोटीवर पर्याय लावायचे. या एका प्रकाराबाबत तरी चुकीच्या पुस्तकावर सराव करण्यापेक्षा सराव न करणे बरे, असे माझे ठाम मत झाले.

हिवाळाभर असे चालले: बारीक पुस्तकातले एक प्रकरण, त्याच विषयाचे प्रश्नपेढीतले प्रश्न, आणि चुकांची वही. कारणांच्या रकान्यातून ‘बरोबर वाटले’ हे शब्द हळूहळू कमी झाले आणि त्यांच्या जागी ‘दोन पूर्ण वाक्ये’, ‘कर्ता मागे आहे’, ‘डॅशची जोडी’ असे लिहिलेले दिसू लागले. स्वल्पविरामाने जोडलेली वाक्ये तर तिला शाळेच्या निबंधांतही खटकू लागली. मार्चमध्ये तिने परीक्षा दिली आणि बाहेर येऊन सांगितले की प्रत्येक भागात तिने लेखनाचे प्रश्न आधी सोडवले आणि मग सुरुवातीला परत गेली. हे तिचे तिने ठरवले होते, कुठल्याही पुस्तकात नव्हते, आणि नियम पक्के असलेल्या मुलांना ही रीत मी अवश्य सुचवेन.

त्यानंतर पुण्याहून माझ्या भाचीचा फोन आला. तिलाही अमेरिकेतल्या महाविद्यालयांत अर्ज करायचे आहेत, आणि अमेरिकेबाहेर ही परीक्षा 2023 पासूनच संगणकावर होते, त्यामुळे तिच्यापुढचे प्रश्न आमच्यासारखेच होते. तिचे व्याकरण मुलीपेक्षा पक्के आहे, पण शाळेतले इंग्रजी ब्रिटिश वळणाचे आहे. ‘टीम’ किंवा ‘कमिटी’ यांसारख्या समूहवाचक नामांना तिकडे अनेकवचनी क्रियापद चालते. एसएटीत ती एकवचनी धरली जातात. तिला मी वहीची पाने स्कॅन करून पाठवली आणि एवढेच सांगितले की, पुस्तक मागवण्याआधी त्याची नमुन्याची पाने पाहा, प्रश्नांची नव्हे तर उत्तरांच्या स्पष्टीकरणांची, आणि तीन चुकीच्या पर्यायांविषयी त्यात काही लिहिलेले नसेल तर ते घेऊ नको. तिने दोन पुस्तकांची पाने मला पाठवली आहेत. त्यांतल्या एकात नोंदींच्या प्रश्नांचे चुकीचे पर्याय खोट्या माहितीचे निघाले, ते तिने स्वतःच ओळखून बाद केले. दुसरे आम्ही या आठवड्यात मिळून वाचणार आहोत.